आभाराचं पान

काळीपिवळी जीपमध्ये नऊ माणसं बसतात, असं गाडीच्या कागदावर लिहिलेलं असतं. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर तो कागद वाचायची पद्धत नाही. दोन हजार सात सालच्या जानेवारीत, त्या सकाळी, गाडीत सतरा माणसं बसून झाली होती. अठरावी केतकी पुसदकर, आणि तिच्या मांडीवर एक लाकडी खोका.

"मॅडम, उलीसक सरका न," ड्रायव्हर म्हणाला.

"सरकायला जागा असती तर पाय लांब करून झोपले असते," केतकी म्हणाली. पण सरकली. सरकली म्हणजे शेजारच्या माणसाच्या खांद्यात आणखी रुतली.

शेजारी चोवीस-पंचवीस वर्षांचा एक जण होता. बाह्या ग्रीसनं काळ्या आणि केसांत कापसाच्या रुईचे पांढरे पुंजके, त्यामुळे तो एकाच वेळी तरुण आणि म्हातारा दिसत होता. गाडी सुरू झाली. तो आधी खोक्याकडे बघत राहिला, मग त्यानं तळहात न विचारताच खोक्याच्या झाकणावर ठेवला. केतकीनं डोळे मोठे केले... हात काही हलेना.

"गुणगुणून राह्यला," तो म्हणाला.

"कोण?"

"तुमचा डबा. कडांनी घट्ट हाय, मधातून ढिला हाय."

"यात काय आहे, माहीत तरी आहे का तुम्हाला?"

"नाई. पन जे हाय थे मधातून ढिलं हाय."

आता तुम्हीच सांगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या, वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीला कुणी असं म्हणालं तर तिनं काय करावं? केतकीनं आपला राग कामाला लावला आणि त्याला शिकवायला घेतलं. खोक्यात फ्युएल सेलचा स्टॅक आहे. ग्राफाइटची पाटी, तिच्यावर कागदाएवढा पातळ पडदा, वर पुन्हा पाटी, अशा वीस सेलची चवड. पाट्यांवर बारीक खोबणी कोरलेल्या. एका बाजूच्या खोबणीतून हायड्रोजन जातो, दुसऱ्या बाजूनं हवा, आणि मधल्या पडद्यापाशी वीज तयार होते. एका सेलची पाऊण व्होल्टसुद्धा नाही, म्हणून वीस रचायचे. धूर नाही, आवाज नाही.

"आन राख?"

"राख नाही. पाणी निघतं. अगदी शुद्ध."

त्यानं झाकणावर हलकेच टिचकी मारली. मग सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "म्हनजे लाइटही देते आन पानीही देते? मॅडम, असं यंत्र आपल्या जिल्ह्यात कोनी चालू देईन का?"

सतरा माणसं हसली. ड्रायव्हर तर इतका हसला की गाडी खड्ड्यात गेली. केतकीला हसू आलं ते तिनं खिडकीकडे तोंड करून संपवलं. यवतमाळला उतरताना तो म्हणाला, "मी शाम आडे. दारव्ह्याच्या कापसाच्या जिनिंगमधी प्रेसवर फिटर हाय. ढिलं निघालं तर येजा."

"नाही निघणार," ती म्हणाली.

निघालं.

कॉलेजच्या लॅबमध्ये बारा व्होल्ट द्यायला हवे होते, तिथं दिवा जोडला की स्टॅक सातवर यायचा. केतकीनं चारही कडांचे बोल्ट आवळले. सहावर आला. आणखी आवळले, तेव्हा 'कट्' असा एक आवाज झाला. पाटी तडकली. ती एक पाटी कोरायला तीन आठवडे लागले होते, कारण कॉलेजच्या मशीनवर काम करायचं ते भारनियमनाच्या फटीत, सकाळी दोन तास वीज असली तर. केतकी स्टुलावर बसली आणि तिला खरंच रडू आलं. तिला शाम आडेचा राग नव्हता आला. तो बरोबर निघाला, याचा आला होता.

हे प्रोजेक्ट म्हणजे तिच्यासाठी काय होतं, ते सांगितलं पाहिजे. नागपूरच्या एका संशोधन संस्थेत दीड वर्षाची एक जागा होती. एकच. परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मॅडम त्याच संस्थेतल्या. प्रोजेक्ट चाललं तर केतकी नागपूरला, नाही तर तिचे वडील मधुसूदनराव, तहसील कचेरीतले नाझर, यांनी ओळखीनं बघून ठेवलेली बँकेची परीक्षा. प्रोजेक्टच्या गटात तसे चौघं होते. पण भैरवीचं लग्न ठरलं होतं, अवधूत क्रिकेट खेळायचा आणि मंदारनं एकदा चहा आणला होता. बाकी सगळी केतकी.

दुसऱ्या दिवशी कॉलेजहून दारव्ह्याला घरी येताना ती जिनिंगच्या फाट्यावर उतरली.

दोन-तीन वर्षांपूर्वी या दिवसांत फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग नाक्यापर्यंत जायची. या साली ती फाटकातच संपत होती. भाव पडला, बोंडअळी, मग निम्मी गावं सोयाबीनकडे वळलेली. शेडमध्ये मात्र रुई तशीच उडत होती, उन्हाच्या तिरिपेत सावकाश खाली येत होती आणि शाम प्रेसखालून पाठीवर सरकत बाहेर येत होता.

"ढिलं निघालं," केतकी म्हणाली.

तो हसला असता तर ती परत गेली असती. तो हसला नाही. त्यानं हात पुसले, खोका उघडला, तडकलेल्या पाटीवरून बोट फिरवलं आणि नुसतं "अरेरे" म्हणाला, आपल्याच घरातली कपबशी फुटावी तसं. तिथंच केतकीचा अर्धा राग उतरला.

मग त्यानं तिला एका बांधलेल्या गाठीपाशी नेलं. पावणेदोनशे किलो रुई, दाबून दाबून लोखंडी पट्ट्यांनी करकचलेली.

"याले बोल्ट कुठी हाय? पाहा बरं."

"नाहीत."

"रुई दाबली का तिचं पोट फुगते. तुम्ही कडा आवळल्या का वरची फळी वाकते, कडा बसतात आन मधात पोकळ राह्यते. तुमच्या डब्याचं हेच होऊन राह्यलं. म्हणून आम्ही पट्टी पोटावरून घेतो. आन वरची फळी सपाट नाई ठेवायची. मधात उलीशी फुगीर. पट्टी ओढली का जोर पयले मधात जाते."

केतकी गाठीच्या पोटावरून हात फिरवत राहिली. तिनं वाचलेल्या सगळ्या पुस्तकांत बोल्ट होते. पाट्या मध्यात एकमेकींना नीट टेकत नव्हत्या, म्हणून वीज वाटेतच अडत होती, आणि ती वेडी कडा पिळत बसली होती.

"पण पट्टी लोखंडाची," ती विचार करत म्हणाली. "ती सगळ्या पाट्यांना घासेल. म्हणजे..."

"शॉट होईन."

"हो. पट्टीखाली रबर हवं."

"सायकलची ट्यूब?"

"सायकलची ट्यूब!"

दोघं एकमेकांकडे बघून हसले. आणि मग उगाच दुसरीकडे बघायला लागले.

तेव्हापासून केतकीच्या अपडाऊनमध्ये एक थांबा वाढला. कॉलेजहून परतताना जिनिंगच्या फाट्यावर तासभर. शाम जेवणाची सुट्टी मागे ढकलून लेथवर फुगीर फळ्या घडवायचा; ती मोजायची, "अजून अर्धा मिलिमीटर," आणि तो "अर्धा मिलिमीटर म्हनजे किती, मॅडम? तुमच्या रागाएवढा का हसण्याएवढा?" असं म्हणून अगदी नेमका अर्धा काढायचा. ग्राफाइटनं तिची बोटं काळी व्हायची. एकदा फळी धरताना तिचा अंगठा त्याच्या बाहीवर उमटला.

"अगं बाई! धुऊन देते."

"कायले? राहू द्या," तो म्हणाला. "ग्रीसचे डाग कोनी मोजते का... हा बाकी मोजून ठेवतो."

जणू ऐकलंच नाही अशी केतकी पुन्हा फळी मोजू लागली. पण घरी भाजीत मीठ दोनदा पडलं, ते कोणाच्या विचारात, हे मी सांगायची गरज नाही.

नवी पाटी तयार झाली, फळ्या झाल्या आणि शेडमधल्याच छोट्या हातप्रेसखाली दोघांनी मिळून चवड रचली, दाबली, पट्ट्या चढवल्या. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये काटा अकरावर चढला... आणि दहा मिनिटांत धाडकन खाली. तेरावा सेल मेलेला. वीसही सेल एकामागोमाग जोडलेले, एक बसला की बाकीच्या एकोणीसांना ओढत घेऊन बसतो. केतकीनं पट्ट्या सोडवल्या, एकेक पाटी उचलली आणि तेराव्या पाटीच्या खोबणीत तिला सापडला कापसाचा एक तंतू. पाण्यानं फुगून त्यानं वाटच बुजवली होती.

तिनं तो चिमटीत धरून फाट्यावर आणला. शामनं पाहिला, डोक्यावरून हात फिरवला, हाताला आणखी चार तंतू लागले.

"माह्या केसातला असन," तो कान लाल करून म्हणाला.

केतकीला जे हसू फुटलं ते थांबेचना. "साऱ्या दुनियेत... जिनिंगमध्ये बसून फ्युएल सेल जोडणारे... आपण दोघंच असू!"

"आपन दोघंच," शाम म्हणाला. त्यानं ते इतकं हळू म्हटलं, की तिचं हसू आपोआप मंदावलं.

म्हणून दुसरी जोडणी शामच्या बंजारा तांड्यावर झाली, त्याच्या घरी. हातप्रेस त्यानं सायकलवर बांधून आणला होता. त्याची आई धुरपताबाई हिनं ओट्यावर धुतलेली पांढरी चादर अंथरली आणि मुलाला आधी डोक्यावरून अंघोळ करायला लावली. वडील भीमसिंग खाटेवर बसून सगळा तमाशा बघत होते.

"बाई, तू रोज येत जाय," धुरपताबाई केतकीला म्हणाली. "याले डोकं धू, डोकं धू म्हनून मी थकली. तुह्या डब्यापायी आज न सांगता धुतलं."

"याडी!" शाम आतून आईवर ओरडला.

"याडी काय? खोटं हाय का?"

मग तिनं कपाळाजवळ आरसे लावलेली ओढणी मागे सारली, भरतकामाची सुई घेतली आणि एकेक पाटी उन्हात तिरपी धरून खोबणीतून सुई चालवली. वीस पाट्या, दोन्ही बाजू, चाळीस. पन्नाशीच्या डोळ्यांनी तिनं आणखी दोन तंतू काढले, जे केतकीच्या चष्म्याला दिसले नव्हते. केतकीला भरून आलं. ती म्हणाली, "मावशी, तुमचे खूप खूप आभार."

धुरपताबाईचा चेहरा उतरला. ती सुई घेऊन आत गेली.

"काय चुकलं माझं?" केतकीनं घाबरून विचारलं.

शाम पट्टी ताणत होता. "चुकलं नाई. आमच्या घरी आभार मानले का मानूस परका होते, मॅडम. घरच्यानं घरच्याचे आभार मानते का कोनी? जिनिंगमधीही तसंच हाय. हंगामाची आखरी गाठ निघाली का प्रेसले हात लावून सगळे पाया पडतात. तोंडानं कोनी काई म्हनत नाई."

केतकी आत गेली. चुलीपाशी बसलेल्या धुरपताबाईला म्हणाली, "मावशी, भूक लागली." भाकरी आधीच तव्यावर होती. दोन खाऊन झाल्यावर तिसरी नको म्हणण्याची सोयच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी शामनं अर्धी रजा टाकली आणि स्टॅक मांडीवर घेऊन तिच्याबरोबर यवतमाळला आला. या वेळी खोका गुणगुणत नव्हता. लॅबमध्ये दोघंच. हायड्रोजनच्या सिलिंडरची चावी हळूच उघडली. काटा चढत गेला. नऊ, अकरा, साडेबारा... दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. शाम खाली उकिडवा बसून नळीच्या तोंडाशी वाटी धरून होता. पहिला थेंब पडला तेव्हा त्यानं वर पाहिलं, आणि केतकीला वाटलं, आपल्याकडे आजवर कुणी असं बघितलं नाही.

तासाभरात तीन चमचे पाणी जमलं. त्यानं ते औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरलं. "याडीले दाखवतो. तिच्या सुईचं हाय."

"शाम..."

"हं?"

"काही नाही."

"मलेही..." तो म्हणाला. "मलेही काई नाई." तेवढ्यात मंदार आला, दिवा बघून "चालू झालं? वा!" म्हणाला आणि चहा आणायला गेला. दुसऱ्यांदा.

इथपर्यंत सगळं छान होतं. चूक पुढं झाली, आणि ती केतकीनं केली.

प्रोजेक्टचा रिपोर्ट लिहायचा होता. काळी बांधणी, सोनेरी अक्षरं, पाच प्रती. त्यात तिसरं पान आभाराचं. ते पान कुणी लिहीत नाही; गेल्या वर्षीच्या मुलांकडून उतरवून घेतात. प्राचार्यांचे आभार, विभागप्रमुखांचे आभार, ग्रंथपालांचे आभार. केतकीनं मात्र खाली एक ओळ स्वतःची घातली होती, शाम आडेच्या नावाची. गाईड सरांनी ती वाचली आणि पेनानं गोल केला.

"हे काढ. बाहेरच्या फिटरनं डिझाइन दिलं असं छापलंस तर परीक्षक काय म्हणतील? प्रोजेक्ट विकत आणलं. गेल्या साली दोन गट नापास केलेत त्यापायी. नागपूर पाहिजे ना तुला?"

पाहिजे होतं. फार पाहिजे होतं. केतकीनं ओळ काढली. मनाला समजावलं, की त्यांच्यात तसंही आभार मानत नाहीत. मन समजलं नाही, पण गप्प बसलं.

बांधणीवाल्याकडून प्रती आणायच्या दिवशी तिचा पेपर होता. शाम यवतमाळला बेअरिंग घ्यायला आला होता. तोच घेऊन आला. कॉलेजच्या फाटकाशी ती पोचली तेव्हा तो निंबाखाली उभा राहून तिसरं पान वाचत होता. आयटीआयचं इंग्रजी, बोट ठेवून, एकेक शब्द. मंदारचं नाव होतं. अवधूतचं होतं. ग्रंथपालांचं होतं, ज्यांनी एकही पुस्तक वेळेवर दिलं नव्हतं.

केतकी घाईनं जवळ आली. "शाम, ते... सर म्हणाले की..."

"बरं केलं न, नाई लिहिलं," तो हसून म्हणाला. हसू चांगलं होतं, नुसतं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आभार मानले असते तर परका झालो असतो." प्रती तिच्या हातात दिल्या. "या महिन्यात प्रेस बंद होईन. कापूसच नाई. मले राजूरले खाणीच्या वर्कशॉपमधी काम भेटलं हाय. मंग येतो मॅडम."

तो 'येतो' म्हणाला, पण पुढचे आठ दिवस फाट्यावर दिसला नाही. केतकी रोज उतरली. लेथवर झाकण घातलेलं होतं. आणि तिला कळलं, की तो 'परका झालो असतो' म्हणाला ते खोटं होतं. नाव न लिहूनच तिनं त्याला परका केलं होतं.

परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात. नागपूरहून सत्यशीला मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, करड्या केसांच्या, चहाला नको म्हणणाऱ्या. अकरा वाजता ठरल्याप्रमाणे वीज गेली. पंखे थांबले. बाहेर बेचाळीस डिग्री. गाईड सर रुमालानं कपाळ टिपू लागले.

केतकीनं दिवा लावलाच नाही. मोटारीतला बारा व्होल्टचा छोटा पंखा तिनं स्टॅकला जोडला आणि मॅडमच्या खुर्चीकडे वळवला. पंखा फिरला. पाच मिनिटं, पंधरा, चाळीस. मॅडम प्रश्न विचारत गेल्या आणि प्रत्येक प्रश्नाला खुर्ची थोडी थोडी पंख्याकडे सरकवत गेल्या. साऱ्या कॉलेजात तेवढी एकच झुळूक होती.

"या पट्ट्या," मॅडम वाकून बघत म्हणाल्या. "सगळे बोल्ट लावतात. आमच्याकडेही मधला भाग सैल पडतो, वर्ष झालं आम्ही झगडतोय. ही कल्पना कोणाची?"

गाईड सर खोकले. अवधूत छताकडे बघू लागला.

केतकीला नागपूर दिसलं, संस्थेचं फाटक दिसलं. आणि निंबाखाली पानावर फिरणारं ते बोट दिसलं.

"शाम आडेची," ती म्हणाली. "दारव्ह्याच्या जिनिंगमध्ये प्रेस फिटर आहे. मी बोल्ट आवळून पाटी तोडली होती. त्यानं रुईच्या गाठीची बांधणी दाखवली, फुगीर फळ्या त्याच्या हातच्या आहेत. रबर माझं. पाट्या, पडदे, जोडणी माझी. खोबणींतला कापूस त्याच्या आईनं सुईनं काढला."

पंखा फिरत होता. मॅडमनी रिपोर्ट उघडला, तिसरं पान काढलं, वरपासून खालपर्यंत वाचलं.

"इथं नाव नाही."

"भ्याले मी," केतकी म्हणाली. "तुम्ही प्रोजेक्ट विकत आणलं म्हणाल, म्हणून भ्याले."

"विकत आणणाऱ्याला पाटी कशी तुटली ते सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पेनचं टोपण परत लावलं. "सही मी आत्ता करत नाही. माझी गाडी पाचला आहे. तोपर्यंत पाचही प्रतींतलं हे पान बदलून आण. छापायला वीज नसेल तर हातानं लिही. इंग्रजीत लिही नाहीतर मराठीत, पण खरं लिही. मग गुणांचं आणि नागपूरचं बोलू."

केतकीनं मराठीत लिहिलं. तेच पान, पाच वेळा, घामानं ओल्या हातानं. बांधणीवाल्यानं कुरकुर करत पानं चिकटवली. मॅडमनी पावणेपाचला सही केली, गुण लिहिले आणि उठताना म्हणाल्या, "एक जुलैला ये. पट्टी कशी ओढतात ते शिकून ये."

पाचातली स्वतःची प्रत छातीशी धरून केतकी काळीपिवळीत बसली. त्या दिवशी तिला कुणी 'सरका' म्हणालं नाही. तिचा चेहराच तसा होता.

जिनिंगमध्ये त्या संध्याकाळी हंगामाची शेवटची गाठ निघाली होती. तिला हळदकुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता, माणसं खोबरं खाऊन पांगली होती. शेवटच्या गाठीसाठी परत आलेला शाम एकटाच प्रेसच्या दांड्यांना ग्रीस लावत होता, पुढच्या हंगामापर्यंत गंजू नये म्हणून. तो हंगाम येणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी तो नीट लावत होता.

"तिसरं पान वाच," केतकी म्हणाली. पहिल्यांदाच 'तू' म्हणाली, तिच्याही लक्षात आलं नाही.

त्यानं हात पुसले. या वेळी बोट ठेवावं लागलं नाही.

'या स्टॅकची पट्टीबांधणी शाम भीमसिंग आडे, प्रेस फिटर, यांची आहे. मधला भाग ढिला आहे हे त्यांनी खोका न उघडता ओळखलं. धुरपताबाई आडे यांनी सुईनं कापूस काढला, म्हणून यातून वारा वाहतो. हे यंत्र चालतं ते यांच्यामुळे. मी मनापासून त्यांचे आभार मानते. हे आधीच लिहायला हवं होतं.'

त्यानं दोनदा वाचलं. मग पान हळूच मिटलं.

"तुमचं नागपूर?"

"मिळालं. एक जुलैपासून."

त्याचा चेहरा उजळला, अगदी डोळ्यांपर्यंत. आणि मग त्यानं नजर खाली घातली. "चांगलं झालं. लयच चांगलं झालं. पन मॅडम... शेवटी आभार मानलेच तुमी. परका केलं न मले?"

केतकी दोन पावलं पुढं आली. रुईचा एक तंतू त्याच्या भुवईवर येऊन बसला होता. तिनं तो चिमटीत काढला. धुरपताबाईसारखाच, न चुकता.

"आभार परक्याचेच मानतात ना?"

"हो."

"मग हे शेवटचे. पाच प्रतींत लिहून दिलेत, सहीशिक्क्यासकट. यापुढं मी तुझे आभार कधीच मानणार नाही. तू काहीही कर माझ्यासाठी... एकदासुद्धा नाही. जन्मभर." तिनं तो तंतू चिमटीत घट्ट धरला. "चालेल?"

शाम बघत राहिला. राजूर, नागपूर, पुसदकरांचं घर, तांडा, सगळं त्याच्या डोळ्यांतून एकेक करून गेलेलं तिला दिसलं. मग त्यानं प्रेसला हात लावून कपाळाला लावला, जसा हंगामाच्या शेवटी लावतात.

"चालते न, केतकी," तो म्हणाला. "चालते न बाप्पा."

घरच्यांना समजावायला पुढं दोन वर्षं गेली. मधुसूदनराव चार महिने बोलले नाहीत, मग एका रविवारी तिसरं पान चष्मा लावून त्यांनी स्वतः वाचलं आणि "हा मुलगा वरण-भात खातो का?" एवढंच विचारलं. राजूर ते नागपूर किती बस बदलाव्या लागतात हे केतकीला अजून पाठ आहे. पण ती गोष्ट वेगळी.

आजही शाम भर उन्हातून आला, की आधी तिचाच पाण्याचा तांब्या भरून तिच्या टेबलावर ठेवतो. केतकी मान वर करते, शब्द ओठांपर्यंत येतो... आणि ती घट्ट तोंड मिटते. तो हसतो. ती पाणी पिते.